नजर आणि डोळ्याची नस
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्या वाशीत एखाद्या आजींना अंधुक दिसू लागले की घरची माणसे म्हणतात, "मोती आला असेल, पिकू द्या, मग बघू." मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळते, ते शस्त्रक्रियेने बदलता येते. परंतु मेंदूकडे दृष्टी नेणारी नस सुकली, तर गेलेली नजर सहसा परत येत नाही. म्हणून वाट पाहणे धोक्याचे.

नस सुकण्याचे एक मोठे कारण काचबिंदू. तो बहुधा मुकाट्याने येतो. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. आधी कडेचे दिसणे जाते. समोरचे अक्षर, लुगड्याचा रंग बराच काळ नीट दिसतो.

पण सुकलेली प्रत्येक नस काचबिंदूची नसते. नजर एकाएकी गेली, लाल रंग फिका वाटू लागला, डोळा फिरवताना दुखला, तर कारण बहुधा निराळे. क्षयावरचे इथॅमब्युटॉल हे औषध काहींच्या नसेला बाधते. बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा मेंदूतील गाठीचा दाबही कारण होतो. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. त्या दारूतले मिथेनॉल जीव घेते, आणि वाचलेल्याचीही नस निकामी करू शकते.

डॉक्टर हा भेद कसा ओळखतात? बाहुली मोठी करून ते नसेचे तोंड पाहतात. काचबिंदूत तेथला वाटीसारखा खळगा वाढतो. इतर कारणांत खळग्यापेक्षा पांढुरकेपणा बहुधा जास्त. डोळ्यातला दाब साधारण १० ते २१ असतो. परंतु तो ठीक असूनही काचबिंदू होतो, म्हणून कडेची नजरही तपासतात. शंका आल्यास मेंदूचे चित्र काढतात.

हा भेद महत्त्वाचा, कारण उपाय वेगळे. काचबिंदूला बहुधा जन्मभर थेंब घालावे लागतात. गाठ असताना थेंबच घालत बसलो, तर मोलाचा वेळ जातो. क्षयाचे औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये; नजर बिघडताच त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

भगिनींनो, चाळिशीनंतर डोळे तपासून घ्या. घरात कोणाला काचबिंदू असेल तर मुलांनी, भावंडांनीही तपासून घ्यावे. स्टेरॉइडचे थेंब दुकानातून परस्पर आणून घालू नका; त्यानेही काचबिंदू होतो. आणि हळदीकुंकवाला भेटाल तेव्हा एकमेकींना एवढे जरूर विचारा, "डोळे दाखवलेत का?"