उकळत्या पाण्याला रंग कुणी दिला?

तव्यावर भाकरी असेल तर आधी ती उलटा आणि मग रेडिओचा आवाज वाढवा. आजची गोष्ट फार लांबच्या मुलखातली आहे, पण तिचा धागा तुमच्या-आमच्या नाकापर्यंत आलेला आहे. कसा, ते पुढे सांगतो.

आमच्या गटाच्या बैठकीत एकीनं मोबाइलवर एक फोटो दाखवला. उंचावरून काढलेला. मधोमध गर्द निळं पाणी, त्याला हिरवी कड, मग पिवळी, मग नारिंगी आणि अगदी बाहेर विटकरी. वर पांढऱ्या वाफा. निम्म्या जणी लगेच म्हणाल्या, "हे खोटं आहे, मोबाइलवर रंगवलंय." एक म्हणाली, "कारखान्याचं पाणी सोडलं असेल." ओढ्याच्या पाण्याला रंग आला की आपल्याकडे त्याचा अर्थ बहुतेक तोच असतो, म्हणून तिला कुणी हसलं नाही. पण हे पाणी कारखान्याचं नाही. आणि रंग खरे आहेत. फोटोवाले ते जरा गडद करतात, इतकंच.

हा झरा अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात आहे. त्याचं नाव ग्रँड प्रिझमॅटिक. हा अमेरिकेतला सगळ्यात मोठा गरम पाण्याचा झरा. रुंदी कुठे ६० मीटर, तर कुठे १०० मीटर. खोली ३७ मीटरच्या वर, म्हणजे आपल्या साध्या तीन विहिरी एकीवर एक ठेवाव्यात तेवढी. दर मिनिटाला दोन हजार लिटरच्या आसपास पाणी त्यातून बाहेर वाहतं. आपली दोनशे लिटरची दहा पिंपं मिनिटाला भरतील, पण हात लावायची सोय नाही. पाणी कढत असतं.

कढत का? यलोस्टोन हा एक ज्वालामुखीच आहे. त्याचा शेवटचा महास्फोट ६ लाखांहून अधिक वर्षांपूर्वी झाला, पण जमिनीखाली खोलवर चूल अजून विझलेली नाही. पावसाचं आणि बर्फाचं पाणी भेगांतून खाली मुरतं, तापलेल्या खडकाला लागतं आणि वर येतं. वाट मोकळी असेल तर असा शांत झरा होतो. वाट अरुंद असेल तर पाणी कोंडतं आणि उसळून कारंजं उडतं. तिथे अशी कारंजीही शेकड्यांनी आहेत.

आता रंगाचं. मधलं निळं पाणी रंगीत नाही, ते नितळ आहे. खोल स्वच्छ पाणी उजेडातला तांबडा भाग गिळतं आणि निळा परत पाठवतं. मध्यभागी पाणी इतकं तापलेलं असतं की रंग देणारं काही तिथे तग धरत नाही. पाणी कडेकडेला पसरतं तसं निवत जातं, आणि तिथून पुढचे रंग सुरू होतात. ते रंग जिवंत आहेत. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव कोटी कोटींनी एकत्र राहतात, त्यांचा थर जमतो. रांजणाच्या बुडाशी जमणारा बुळबुळीत थर आठवा, तसलाच. साधारण ७४ अंशांपर्यंत टिकणारे जीव पिवळा पट्टा करतात. त्याहून निवलेल्या पाण्यात नारिंगी, आणखी निवलं की विटकरी. म्हणजे नुसत्या रंगावरून पाणी किती तापलंय ते ओळखावं. चुलीवरचं पाणी आपण बोट बुडवून बघतो, तिथे ते नजरेनं कळतं.

यातली आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट उन्हाची. या जिवांमध्ये हिरवं द्रव्य असतं, झाडाच्या पानात असतं तेच. आणि गाजराला, भोपळ्याला रंग देणाऱ्या जातीचं नारिंगी द्रव्यही असतं. उन्हाळ्यात ऊन कडक झालं की ते नारिंगी द्रव्य वाढवतात, म्हणजे उन्हाचा त्रास कमी होतो. हिवाळ्यात ऊन मवाळ झालं की ते कमी करतात आणि कडा काळपट हिरव्या दिसू लागतात. आपण रानात जाताना पदर डोक्यावर घेतो आणि घरी आल्यावर खाली घेतो, तसंच म्हणा ना.

आता नाकाची गोष्ट. कढत दुधात विरजण घातलं तर दही लागत नाही, हे पोरीबाळींनाही माहीत असतं. विरजणातले जीव मरतात. शास्त्रज्ञही बरीच वर्षं असंच धरून चालले होते, की एवढ्या गरम पाण्यात जीव राहूच शकत नाही. १९६६ साली थॉमस ब्रॉक नावाचे शास्त्रज्ञ यलोस्टोनच्या झऱ्यांवर काम करत होते. त्यांच्या हाताखाली हडसन फ्रीझ हा कॉलेजात शिकणारा मुलगा होता. त्या दोघांना ७० अंशांच्या पाण्यात मजेत वाढणारा एक जीव सापडला. 'थर्मस अ‍ॅक्वाटिकस' असं त्याचं नाव ठेवलं. तेव्हा त्याचा उपयोग काय, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पुढे वीसेक वर्षांनी उपयोग सापडला. नमुन्यात विषाणूचा अंश इतका थोडा असतो की तो दिसत नाही. त्याच्या लाखो-कोटी नकला कराव्या लागतात, आणि त्यासाठी नमुना पुन्हा पुन्हा ९५ अंशांपर्यंत तापवून निववावा लागतो. नकला करणारं साधं विकर त्या तापानं निकामी होतं. या झऱ्यातल्या जिवाचं विकर टिकतं. या तपासणीला पीसीआर म्हणतात, आणि ती शोधणाऱ्या कॅरी म्युलिस यांना १९९३ साली नोबेल मिळालं. करोनाच्या वेळी आपल्या नाकात काडी घालून नमुना नेला, आठवतं? त्याची तपासणी याच रीतीनं होत होती. नाकात काडी गेल्यावर आपण डोळ्यांत पाणी आणून जो त्रागा केला, त्या घडीला हा झरा आपल्याला ठाऊकही नव्हता. या शोधावर कंपन्यांनी अफाट पैसा कमावला. ज्या उद्यानातून तो जीव आला, त्याच्या पदरात काही पडलं नाही.

हे सगळं होऊ शकलं, कारण तोवर ती जागा शाबूत राहिली होती. १ मार्च १८७२ रोजी ती सरकारनं राखून ठेवली. त्याआधीच्या वर्षी थॉमस मोरान हे चित्रकार तिथे गेले होते. सोबतच्या छायाचित्रकाराचे फोटो काळे-पांढरे, त्यामुळे रंग लोकांना दिसले ते मोरान यांच्या चित्रांत. मात्र हेही सांगायला हवं की शोशोनी, क्रो, ब्लॅकफीट अशा तिथल्या जमाती हजारो वर्षं त्या भागात वावरत होत्या. उद्यान झालं आणि त्यांना बाहेर काढलं. अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि शाबूत राहिली म्हणावं, तर तेही पूर्ण खरं नाही. त्याच उद्यानात मॉर्निंग ग्लोरी नावाचं एक कुंड आहे. कुंपणावर सकाळी उमलणाऱ्या गारवेलीच्या निळ्या फुलासारखं दिसायचं म्हणून ते नाव. लोकांनी त्यात नाणी टाकली. दगड, लाकडं, डबेही टाकले. पाणी येण्याची वाट काही अंशी बुजली, कुंड निवलं आणि कडेचे पिवळे-नारिंगी जीव आत सरकले. आज त्याचं निळेपण बरंच गेलेलं आहे. १९५० साली उद्यानाच्या लोकांनी कुंडाला मुद्दाम उसळायला लावून ते साफ केलं, तेव्हा नाण्यांचा ढीग निघाला. शिवाय ७६ रुमाल, मोजे, टॉवेल आणि रेडिओवर नाव घेऊ नये असेही कपडे.

हे ऐकून आमची बैठक गप्प झाली. कारण नाणी आपणही टाकतो. वज्रेश्वरी-गणेशपुरी, दापोलीकडचं उन्हवरे, राजापूर, खानदेशातलं उनपदेव, आपल्याकडेही गरम कुंडं आहेत. आपलं पाणी जित्या ज्वालामुखीनं तापत नाही, ते खोल भेगांत जाऊन जमिनीच्या पोटातली ऊब घेऊन येतं. त्यात आपण अंघोळ करतो, सांधे शेकतो. यलोस्टोनमध्ये अंघोळ तर सोडाच, लाकडी वाट सोडायलाही बंदी आहे. कढत पाण्यात पडल्यामुळे किंवा उतरल्यामुळे तिथे २० हून अधिक माणसं गेली आहेत.

गटातल्या एका आजी म्हणाल्या, "नाणं टाकणं ही श्रद्धा आहे, ती कशी सोडायची?" दुसरी म्हणाली, "काठावर ठेवा, पुजारी उचलेल." त्यावर आजी म्हणाल्या, "मग ते पुजाऱ्याचं झालं, पाण्याचं कुठे?" वाद मिटला नाही. पुढच्या महिन्यात आमचा गट एका कुंडावर जाणार आहे. पाणी जिथून बाहेर वाहतं तिथे कोणता रंग दिसतो, तळाला काय काय पडलंय, ते बघून येऊ. तुमच्या तालुक्यात असं कुंड असेल तर तुम्हीही बघा आणि आम्हाला पत्रानं कळवा. आजीही येणार आहेत. नाणं सोबत घेणार की नाही, ते त्यांनी सांगितलेलं नाही.