पडद्यामागची मराठी

धाराशिव जिल्ह्यांतील उमरग्याहून पूर्वेकडे निघालेला वाटसरू थोड्याच कोसांत कानडी मुलुखांत शिरतो. दुकानांवरील पाट्यांची लिपी बदलते, बाजारांतील भाषा बदलते. या कानडी मुलुखांत चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ, म्हणजे ‘तोगलु गोंबेआट’, करणारी एक फिरस्ती जमात आहे. खेळ चालतो तो कानडींत. परंतु बाहुल्या आवरून ठेवल्यावर ही मंडळी घरांत बोलतात ती मराठीचीच एक बोली. जमातीचें नांव किळ्ळेक्यात.

बकऱ्याचें किंवा हरणाचें कातडें खरवडून इतकें पातळ करावयाचें, कीं दिव्याचा उजेड त्यांतून आरपार यावा. मग रंग भरावयाचे आणि दागिन्यांच्या जागीं बारीक छिद्रें पाडावयाचीं. पांढऱ्या पडद्यामागें दिवा लागला म्हणजे रावणाचा मुकुट रत्नजडित भासतो. छायाखेळ म्हणजे नुसती काळी सावली, अशी समजूत असणाऱ्यास हे रंग पाहून नवल वाटतें. पाऊस लांबला कीं गांवकरी हा खेळ मुद्दाम लावीत. त्यामागील कळकळ धाराशिवकडील श्रोत्यांस समजावून सांगावयास नको.

असाच रंगीत छायाखेळ तुर्कस्थानांत आहे. तेथील बाहुल्या बहुधा उंटाच्या कातड्याच्या. १८८९ सालीं फेलिक्स फॉन लुशान या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञानें लायडेन येथील एका नियतकालिकांत या खेळावर विस्तृत लेख लिहिला व त्यासोबत बाहुल्यांचीं चित्रें छापलीं. काराग्योझ, म्हणजे ‘काळ्या डोळ्यांचा’, हा त्यांतील अडाणी व तोंडाळ नायक. हाजीवात हा त्याचा पंडिती थाटाचा सोबती. एकाच्या शब्दाचा दुसऱ्यानें भलताच अर्थ करावा, ही त्यांच्या विनोदाची गोम. छापील पानावर मात्र काराग्योझचा हात उचललेला तसाच राहतो, आणि तो बोलत तर नाहींच.

कानडी खेळांतील विदूषकाचें नांव किळ्ळेक्यात. काळा, बेढब, ग्राम्य बोलणारा. बंगारक्का ही त्याची जोडीदारीण. तुर्कस्थानांत विदूषकाचें नांव खेळास पडलें. येथें तें माणसांस चिकटलें. एडगर थर्स्टन याचे दक्षिण हिंदुस्थानांतील जातीजमातींवरील सात खंड १९०९ सालीं निघाले, त्यांतहि ही मंडळी याच नांवानें नोंदलेली आहे. ज्यानें रात्रभर रामहि बोलविला व रावणहि, त्याची ओळख शेवटीं हंसविणाऱ्या बाहुलीची!

बेंगळुरूच्या कर्नाटक चित्रकला परिषदेंत एम. एस. नंजुंड राव यांनीं जमविलेल्या अशा बाहुल्यांचा मोठा संग्रह आहे. तेथें कातडें, रंग, छिद्रें सारें निरखून पाहतां येतें. पडद्यामागें तेल संपत आल्याचें नवरा बायकोस ज्या मराठींत सांगतो, ती ऐकावयाची तर खेळ करणाऱ्यांच्या घरींच गेलें पाहिजे.