'डिटेस्ट' : साक्षीनं केलेला द्वेष



आज मला 'द्वेष' या विषयावर बोलायला सांगितलंय. सुरुवात एका इंग्रजी शब्दापासून करते. घाबरू नका, शब्द एकच आहे : 'डिटेस्ट'. शब्दकोशात त्याचा अर्थ सापडतो, तीव्र तिटकारा असणं. इंग्रजी बोलणारी माणसं हा शब्द कारल्याच्या भाजीबद्दलसुद्धा वापरतात. पण त्याचं मूळ वाचलं आणि मला आपला सातपुडा आठवला.

लॅटिनमध्ये 'टेस्टिस' म्हणजे साक्षीदार. त्यावरून 'डिटेस्टारी', म्हणजे देवाला साक्षी ठेवून एखाद्याला शाप देणं, त्याचा धिक्कार करणं. हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा हा शापाचा अर्थही त्याच्यासोबत होता. म्हणजे मुळात ही चारचौघांत, मोठ्यानं करायची गोष्ट. मनातला तिटकारा एवढाच अर्थ पुढे उरला. आणि कोर्टात देतात ती साक्ष, 'टेस्टिमनी', तीही याच मुळातली!

आता आपल्याकडे या. अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याच्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवतात ते कसं? पोर दगावतं, गुरं मरतात, ताप हटत नाही. भगताकडे जातात. तो दाणे पाहतो, देवाला विचारतो आणि बोट दाखवतो. देव साक्षीला, गाव साक्षीला. बाईबद्दलचा राग आधीपासून घरातच असतो. ती विधवा असते, नवऱ्याच्या जमिनीवर हक्क सांगत असते, किंवा नुसती फटकळ असते. पण नुसत्या रागानं तिला गावाबाहेर काढता येत नाही. त्यासाठी साक्षीदार लागतात.

आदिवासी मागास म्हणून हे होतं, असं शहरातल्या ताई म्हणतात तेव्हा मला राग येतो. युरोपात 15व्या ते 18व्या शतकात चेटकीण ठरवून चाळीस-पन्नास हजार माणसं मारली गेली, त्यांत बहुसंख्य बायका. ते काम शिकलेल्या न्यायाधीशांनी, कागदोपत्री, साक्षी नोंदवून केलं. मेवाडात डाकण प्रथेवर 1853 साली बंदी आली, म्हणून ती तिथे संपली असं झालं नाही. राजस्थानला 2015 मध्ये पुन्हा कायदा करावा लागला. बिहारनं 1999 मध्येच केला होता.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा. त्यासाठी वर्षानुवर्षं झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. त्याची अनुसूची एकदा तरी वाचा. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रानं गुरांचं दूध आटवते, अपशकुनी आहे, रोगराईला कारण आहे, असं भासवून तिचं जगणं मुश्किल करणं हाच गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र. म्हणजे बाईला मार बसेपर्यंत थांबायचं कारण नाही. नाव ठेवलं आणि छळ सुरू झाला की तक्रार करता येते.

अडतं ते साक्षीपाशी. भगतानं बोट दाखवलं तेव्हा अख्खा पाडा हजर असतो. पोलीस आले की त्या दिवशी प्रत्येक जण शेतात होता! म्हणून खबर लागल्याबरोबर दोघी-तिघींनी जा. कोण काय बोललं, कुणासमोर, कोणत्या दिवशी, ते लिहून घ्या. तिच्या बाजूनं बोलेल अशी एक तरी जाऊ किंवा शेजारीण शोधा. आणि एक पथ्य पाळा. "तुझ्यावर हा आळ का आला?" असं तिला विचारू नका. त्यानं आपणही त्या साक्षीदारांच्याच रांगेत जाऊन बसतो.

ठाण्यात तिच्या सोबत बसा. ती भिलीत किंवा पावरीत सांगेल, ते मराठीत उतरताना कान उघडे ठेवा. मी पाहिलेल्या एका तक्रारीत शेवटी 'जमिनीवरून आपसांतील भांडण' एवढंच उरलं होतं. अंगठा देण्याआधी सगळं वाचून दाखवायला सांगा, प्रत मागून घ्या, ती फुकट मिळते. आणि 'डाकीण' हा शब्द त्यात आहे ना, ते तिथेच पाहून घ्या.