बुडीत खात्यातले रुग्ण

बुलढाण्यातल्या व्याख्यानमालेचं तिसरं पुष्प. पत्रिकेवर विषय छापला होता : 'अफूजन्य व्यसनांवरील सहकारी वैद्यकीय संशोधन'. 'सहकारी' वाचून दोघा-तिघांनी आपल्याला फोन केला, ठेवींचं काही कळेल का म्हणून, असं अध्यक्षांनी परिचयातच सांगितलं आणि बुलढाणेकर मनमुराद हसले. वक्ते मूळचे मेहकरकडचे, पेशानं मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी माइक हाती घेतला तो हाच धागा पकडून. "बुडीत खाती आमच्याकडंही असतात," ते म्हणाले. "उपचार अर्धवट सोडून गेलेला रुग्ण हे आमचं बुडीत खातं. फरक एवढाच, की आम्ही ते वहीतून खोडतो आणि उरलेल्यांवर यशाची टक्केवारी काढतो."

पुढचा दीड तास ते कुठूनही निघाले तरी याच मुद्द्यावर येऊन पोचत होते.

पार्श्वभूमी त्यांनी झपाट्यानं उरकली. "डोल आणि नायस्वँडर आपल्याला ठाऊकच आहेत," असं म्हणत ते पुढे निघाले. समोरच्या चेहऱ्यांकडे पाहून मात्र त्यांना दोन वाक्यं मागे यावं लागलं. न्यूयॉर्कमध्ये चयापचयाचे अभ्यासक व्हिन्सेंट डोल आणि मानसोपचारतज्ज्ञ मेरी नायस्वँडर यांनी हेरॉइनच्या २२ रुग्णांना रोज मेथाडोन दिलं आणि १९६५ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. व्यसन हा स्वभावदोष नसून दीर्घकाळ औषध लागणारा आजार असू शकतो, ही मांडणी तिथून जोरात पुढे आली. "दोन वेगळ्या शाखांचे डॉक्टर एका टेबलाशी बसले, म्हणून हे जमलं. आपल्याकडं एका दवाखान्याची चिठ्ठी दुसऱ्याला वाचता येत नाही," या वाक्यावर पहिल्या रांगेतले डॉक्टर सर्वांत जोरात हसले.

मग आकडे आले. दिल्लीच्या 'एम्स'मधल्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राच्या पुढाकारानं, इतर वैद्यकीय संस्थांना सोबत घेऊन झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे २.२६ कोटी लोक अफूजन्य पदार्थ घेतात; त्यांतल्या सुमारे ७७ लाखांना या व्यसनासाठी मदतीची गरज आहे. अशा रुग्णांचा मोठा वाटा असलेल्या मोजक्या राज्यांत महाराष्ट्रही आहे.

आकड्यांपेक्षा वक्त्यांना रस होता तो ते गोळा कसे केले यात. सर्वेक्षक दोन लाख घरांत गेले. पण दारात उभं राहून 'तुमच्यात कुणी गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइन) ओढतं का' असं विचारलं, तर घरातली बाई काय सांगणार? म्हणून दुसरी वाट काढली. व्यसनात असलेल्या काही जणांना गाठायचं, त्यांची मुलाखत घ्यायची आणि त्यांच्याच हाती कूपनं द्यायची : तुझ्या ओळखीच्यांना घेऊन ये. त्यांनी आणखी काहींना आणायचं. १२३ जिल्ह्यांत ७२,६४२ जणांपर्यंत पोचता आलं ते असं. "ज्याला घरचे घराबाहेर काढतात, तो इथं संशोधकाचा भागीदार झाला," वक्ते म्हणाले.

तेवढ्यात मागून आवाज आला. "डॉक्टरसाहेब, आमच्याइथं त दारू हाय, खर्रा हाय. हे गर्द-बिर्द मुंबई-पुन्याचं. आमाले काहून सांगता?"

प्रश्न रास्त होता. वक्त्यांनी उत्तर खोकल्याच्या औषधापासून सुरू केलं. काही खोकल्याच्या औषधांत कोडीन असतं; त्याचा काही भाग शरीरात गेल्यावर मॉर्फिन होतो. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी २०१८ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणावी लागली. म्हणजे गर्द पुण्यात राहिला तरी त्याची भावंडं तालुक्यापर्यंत आलेली आहेत. तिसऱ्या रांगेतल्या एका वृद्ध गृहस्थांनी बसल्या जागेवरूनच भर घातली : कापूस वेचायला जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकराला अफूची बारीक गोळी चाटवून निजवत, त्यांच्या आजीच्या चंचीतही ती असे. सभागृह क्षणभर गप्प झालं.

ते गप्पपण मोडलं एका औषध दुकानदारानं. दरवेळी बोट आमच्याकडेच का? चिठ्ठी लिहिणारे कोण? "मी दुकानदार हा शब्दही उच्चारलेला नाही," वक्ते काहीसे वरमून म्हणाले. मग सावरून त्यांनी सांगितलं, की तेच गिऱ्हाईक तीच बाटली घ्यायला पुन्हा आलं, हे सगळ्यांत आधी काउंटरवरच्या माणसाला कळतं. भागीदारांच्या यादीत त्याचं नाव डॉक्टरच्याही आधी हवं. टाळ्या पडल्या; दुकानदाराच्या बाजूनं जरा जास्तच.

इथं वक्ते पुण्याकडे वळले आणि रमले. ऐंशीच्या दशकात गर्द मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत आणि कॉलेजांत शिरला. चांदीच्या कागदावर पूड, खालून काडेपेटीची धग, नळीनं ओढलेला धूर. तो मिळाला नाही की अंग मोडून येणं, नाका-डोळ्यांतून पाणी, जुलाब, झोपेचं नाव नाही. याला ही मुलं 'टर्की' म्हणत. पत्रकार अनिल अवचटांनी त्यांच्यात बसून लिहिलं. ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये त्याच आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. पत्रकार, लेखक, सरकारी मनोरुग्णालय आणि खुद्द रुग्ण यांची ही जुळणी. अनेक जुने रुग्ण पुढे तिथंच कार्यकर्ते झाले. रुग्णांच्या बायकांसाठी अनिताताईंनी 'सहचरी' गट सुरू केला. "नवरा पुन्हा घसरतोय, हे बायकोला आठवडाभर आधी कळतं. एवढी अचूक तपासणी कुठल्या लॅबमध्ये होते?" हे बोलून ते त्या गटाबद्दल इतका वेळ सांगत राहिले, की संयोजकांनी पहिली चिठ्ठी पुढे सरकवली.

चिठ्ठी वाचून त्यांनी घड्याळ पाहिलं आणि वेग वाढवला. मेथाडोनसारखंच ब्युप्रेनॉर्फिन हे औषध सरकारी केंद्रांवर कसं देतात? रुग्ण खिडकीशी येतो. परिचारिका गोळीची भुकटी करून त्याच्या जिभेखाली टाकते. तो काही मिनिटं तोंड मिटून बाकावर बसतो. भुकटी गिळली तर औषध वाया. जाताना जीभ उचलून दाखवतो, वहीत सही होते. उद्या पुन्हा.

"म्हणजे एक नशा सोडवून दुसरी लावली," एक निवृत्त गुरुजी म्हणाले. वक्त्यांचा आवाज चढला. ठरावीक मात्रेपुढे ब्युप्रेनॉर्फिनची धुंदी वाढत नाही. टर्की थांबते, माणूस कामावर जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये हे औषध मेथाडोनसोबत अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. या औषधांवरच्या तिच्याच सहकार्य-अभ्यासात चीन, इंडोनेशिया, थायलंड, इराण, लिथुआनिया, पोलंड, युक्रेन आणि ऑस्ट्रेलिया या आठ देशांतले रुग्ण होते. सहा महिन्यांनंतर त्यांतले सुमारे सत्तर टक्के उपचारात टिकून होते. "सत्तर टिकले म्हणून मी खूश नाही. तीस गेले हेही त्यांनी लिहून ठेवलं, म्हणून खूश आहे."

बुडीत खातं का महत्त्वाचं, हे त्यांनी शेवटच्या दहा मिनिटांत सांगितलं. खरं तर आधी सांगायला हवं होतं. व्यसनमुक्ती केंद्रात काही आठवडे काढलेल्या माणसाच्या शरीराची पूर्वीची मात्रा पेलण्याची ताकद ओसरलेली असते. बाहेर पडून त्यानं जुनाच डोस घेतला, तर श्वास मंदावून थांबू शकतो. घरचे 'सुटला बाबा एकदाचा' म्हणत असतात आणि सर्वांत धोक्याचे आठवडे तेच असतात. केंद्र म्हणतं, आमच्याकडून बरा होऊन गेला. जिल्हा रुग्णालयाला तो आल्याचंच माहीत नसतं. त्याचा मागोवा एकटी संस्था घेऊ शकत नाही. म्हणून केंद्र, रुग्णालय, औषध दुकान, आशा सेविका आणि घरचं माणूस अशा पाच जणांची एक गोपनीय नोंदवही जिल्ह्याजिल्ह्यात असावी, ही त्यांची मागणी.

ती वही पोलिसांच्या हाती लागली तर? या प्रश्नाला उभ्या-उभ्याच उत्तर मिळालं. स्वतःहून उपचार घ्यायला येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, थोड्या प्रमाणातल्या पदार्थापुरतं, अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४ अ खटल्यापासून संरक्षण देतं. "उरलेलं पुढच्या वर्षी. बोलावलंत तर!" तोवर दुसरी चिठ्ठी आली होती आणि चिखलीकडच्या शेवटच्या एसटीसाठी मागची रांग उठू लागली होती.

आभाराआधी त्यांनी एकच विनंती केली. कुणाच्या घरी व्यसनमुक्ती केंद्रातून कुणी परत आलं असेल, तर पहिला महिनाभर त्याला एकटं सोडू नका, त्याची पुढची तपासणी चुकवू नका. आणि काय करावं सुचत नसेल, तर नशामुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर विनामूल्य आहे.