ध्येय हातातले, ध्येय हाताबाहेरचे



महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे पाचला रस्त्यावर येऊन उभे राहा. दुधाची गाडी अजून आलेली नसते, चहाच्या टपरीची फळी उघडलेली नसते. पण पोरे मात्र धावत असतात. कुणी शाळेच्या पटांगणावर, कुणी कालव्याच्या भरावावर, कुणी सरळ डांबरी सडकेवर. अलीकडे त्यांत मुलीही पुष्कळ दिसतात, आणि ते पाहून फार बरे वाटते. यांतली निम्मीअधिक मुले पोलीस भरतीची तयारी करीत असतात. पोलीस शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यांत धावण्याला २० गुण: पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर. १०० मीटर धावण्याला १५ आणि गोळाफेकीला १५. हे आकडे आज खेड्यातल्या पोराला पाढ्यांसारखे पाठ आहेत.

पुढे भरती होते, यादी लागते. ज्याचे नाव लागले त्याचे धावणे प्रशिक्षण केंद्रात चालू राहते. ज्याचे लागले नाही, तो दोनचार वेळा पुन्हा प्रयत्न करतो. मग वयाची अट आडवी येते आणि एके दिवशी त्याचे धावणे थांबते. बूट माळ्यावर जातात. तिशीतच पोट सुटते. आणि जो मुलगा पाचसहा वर्षे रोज पहाटे उठत होता, तोच मग आपल्याला सांगतो, "सर, आता कशासाठी पळायचं?"

या "कशासाठी" विषयीच आज मला आपल्याशी बोलायचे आहे.

त्या मुलाची मेहनत खोटी नव्हती. उत्साहही कमी नव्हता. पण त्याने तो सगळा उत्साह अशा खुंटीला टांगला होता, जी त्याच्या घरातली नव्हती. भरतीत नाव लागणे हे कशावर अवलंबून असते? जागा किती निघाल्या, अर्ज किती आले, शेजारच्या जिल्ह्यातला कोण किती वेगाने धावला, लेखी परीक्षेत कुणाला किती गुण पडले. यांतले आपल्या हातात काय आहे? आपला स्वतःचा वेग आणि आपला अभ्यास, एवढेच. म्हणून ध्येये दोन प्रकारची असतात हे आधी नीट ओळखले पाहिजे. "मी पोलीस होईन" हे हाताबाहेरचे ध्येय. ते जरूर असावे. नोकरीची आशा कुणी सोडावी असे मी म्हणणार नाही. परंतु रोज पहाटे अंथरुणातून उठवण्याचे काम त्याच्यावर टाकू नये. ते काम हातातल्या ध्येयाचे. "आज मला १६०० मीटरला सात मिनिटे लागतात, दिवाळीपर्यंत साडेसहावर आणीन," हे हातातले ध्येय. ते पुरे झाले की नाही, हे सांगायला मंडळ लागत नाही, यादी लागत नाही; घड्याळ पुरते.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आपणां सर्वांना ठाऊक आहेत. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ही गोष्ट शाळाशाळांतून सांगितली जाते, पण तिच्या आधीची चार वर्षे मला अधिक महत्त्वाची वाटतात. १९४८ साली लंडनला ते सहावे आले होते. लाल मातीत वाढलेल्या या मल्लाला तिथली मॅट आणि तिथले नियम नवे होते. पुढच्या खेपेला समोर कोण येईल, हे काही त्यांच्या हाती नव्हते. जायला पैसा मिळेल की नाही हेसुद्धा नव्हते. त्यासाठी लोकांच्या दारोदार जावे लागले. त्यांच्या हाती होती ती मॅटवरच्या कुस्तीची तयारी आणि अंगमेहनत. चार वर्षांनी ते वरच्या वजनगटात उतरले आणि तिसरे आले. पदक सोडा, समजा तेव्हाही ते सहावेच आले असते. तरी चार वर्षांत अंगी आलेली कुस्ती कुणी काढून घेतली नसती.

आता कुणी म्हणेल, एवढी मोठी माणसे कशाला, साध्या माणसाचे सांगा. तर साध्या माणसाचे ऐका.

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. एरवी बाजाराला जायचे तर एस.टी.ची वाट पाहणारी, गुडघे दुखतात म्हणून देवळाची पायरी टाळणारी साठ-पासष्ट वर्षांची आजी आषाढात हे अंतर चालून जाते. आपण म्हणतो, भक्ती! भक्ती तर आहेच. तिच्यावाचून कुणी घराबाहेर पडणार नाही. पण वारीची रचनाही पाहा. वारकऱ्याच्या ओठांवर पंढरी असते, पायांपुढे मात्र असतो आजचा मुक्काम. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण... दिवे घाट चढताना "अजून सासवड किती?" असे विचारतात, "पंढरपूर किती?" असे कुणी विचारीत नाही. दिंडी ठरलेली, दिंडीतली जागा ठरलेली, निघायची वेळ ठरलेली. आज निघावे की न निघावे, हा प्रश्न सकाळी उठून कुणाला सोडवावा लागत नाही. बरोबरीचे चालू लागले की आपले पाय आपोआप उचलतात. वाटेत विसाव्याचा मुक्कामही आहे, त्याची कुणाला लाज वाटत नाही. ज्याला व्यायामाचा नेम बसवायचा आहे, त्याने ही रचना आपल्या घरी आणावी. लांबचे ध्येय मनात, आजचा मुक्काम पायापुढे, वेळ ठरलेली, आणि जमल्यास एखादा सोबती.

आमच्याकडे येणारी मुले नेहमी एक तक्रार करतात: "सर, मूडच लागत नाही." या मूडने फार घोटाळा केला आहे! आधी उत्साह यावा आणि मग व्यायाम सुरू व्हावा, असा आपला समज असतो. अनुभव बरोबर उलटा आहे. थंडीत पहिले दोन नमस्कार घालताना अंग कुरकुरते, पाचव्याला ऊब येते, दहाव्याला आणखी दोन घालावेसे वाटतात. हुरूप कामाच्या पुढे चालत नाही, मागून येतो. तालमीतला वस्ताद पोराला "तुझे मन आहे का" असे विचारीत नाही. लंगोट लावायला सांगतो. लंगोट लागला की निम्मे काम झाले.

म्हणून सुरुवातीचा आकडा इतका लहान धरावा की तो टाळायला निमित्त सापडू नये. ध्येय नेमके असावे आणि थोडे ताण देणारे असावे, म्हणजे माणूस अधिक काम करतो. "जमेल तेवढे करा" या सांगण्याने तेवढे होत नाही. एडविन लॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हे १९६८ साली मांडले, आणि पुढच्या पुष्कळ प्रयोगांनी त्याला दुजोरा मिळाला. पण ताण हा नेम बसल्यानंतरचा. आधी पाच नमस्कार. ते महिनाभर न चुकता झाले की सात.

नेम बसायला किती दिवस लागतात? एकवीस दिवसांची एक समजूत आपल्याकडे फार पसरली आहे. तिच्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना रोजची एकेक नवी सवय लावायला सांगून त्याचा अभ्यास केला; तो २०१० साली छापून आला. सवय अंगवळणी पडायला लागणारा मधला आकडा निघाला ६६ दिवसांचा. कुणाला १८ पुरतील, तर कुणाला २५४ लागतील, असा तो हिशोब. त्यांतली आणखी एक गोष्ट मला फार दिलासा देणारी वाटते. मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडत नाही. पेरणी येते, लग्नसराई येते, घरात आजारपण येते. दिवस चुकतो, म्हणून नेम मोडला असे समजून बसणारेच खरे तर नेम मोडतात. शिवाय ही सवय दुसऱ्या एखाद्या ठरलेल्या कामाच्या शेपटाला बांधावी. धार काढून झाली की नमस्कार. मुले शाळेत गेली की चालणे. घड्याळाची आठवण चुकेल, म्हशीची चुकत नाही.

शेतकरी बंधू इथे म्हणतील, "आवं, दिवसभर रानात राबतो की! आम्हाला कसला व्यायाम?" ज्याचे अंग खरोखर राबते त्याला हे म्हणण्याचा अधिकार आहे. पण जरा हिशोब करू या. नांगरट ट्रॅक्टरने होते, पाणी बटण दाबले की सुटते, बांधापर्यंत फटफटी जाते. मग राबते कोण? बहुतेक घरांत खुरपणीला वाकलेली बाई राबते! तिला धावायला सांगणे हा अन्याय होईल. तिची पाठ दिवसभर एकाच बाजूला वाकलेली असते. तिला हवा आहे पाठ मागे ताणणारा हलका व्यायाम, आणि तो करायला घरच्यांनी मोकळी ठेवलेली पंधरा मिनिटे. पुरुषांनी मात्र चालावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण प्रौढ माणसाला आठवड्याला निदान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचे आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. मध्यम श्रम ओळखायची खूण सोपी: चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. ज्यांना छातीचा, रक्तदाबाचा किंवा साखरेचा विकार आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि अंधारात डांबरी सडकेवर धावणाऱ्या मुलांनो, कानात गाणी घालून धावू नका. मागची गाडी ऐकू आली पाहिजे.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द. व्यायामाचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला दिला जातो, हे आपण सारे जाणतो. त्याबद्दल भांडणे हा वेगळा विषय आहे. पण जो तास हाती राहतो, त्यात शर्यतीच लावल्या तर पहिले तीन सोडून बाकीची मुले एकच गोष्ट शिकतात, की हे आपले काम नव्हे. त्याऐवजी प्रत्येकाची वही करावी. जूनमध्ये नोंद घ्यावी: दोरीवरच्या उड्या किती, बैठका किती, पटांगणाला फेरी मारायला वेळ किती. मग मुलाला विचारावे, "दिवाळीपर्यंत किती करशील?" आकडा त्याने सांगावा, आपण नव्हे, फारच मोठा सांगितला तर थोडा उतरवायला लावावा. दुसरी नोंद दिवाळीच्या सुटीआधी, तिसरी मार्चमध्ये. बारा उड्यांवरून तीसवर आलेली मुलगी आणि साठवरून पासष्टवर गेलेला मुलगा, दोघांच्याही वहीवर सही करावी. आणि ही वही ज्याची त्याच्याकडेच राहू द्यावी. वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नये.