सालोमालो, कॅसेटवाला आणि आपण



समोरच्या रांगेत तीन-चार मंडळींनी माझ्या दिशेने फोन उंच धरले आहेत. आरंभीच त्यांना एक गंमत सांगतो. आपल्याकडे १९५७ सालचा कॉपीराइटचा कायदा आहे. पुढे १९९४ साली त्यात दुरुस्ती झाली आणि कला सादर करणारा म्हणजे कोण, याची एक व्याख्या घातली गेली. त्या व्याख्येत नट आहे, गायक आहे, वादक आहे, नर्तक आहे. मग कसरती करणारा, जादूगार, गारुडी. आणि गारुड्याच्या लगेच पाठोपाठ कोण, तर व्याख्यान देणारा! कायदा करणाऱ्यांनी हा क्रम विचारपूर्वक लावला असेल तर माझी तक्रार नाही. पुंगी दोघांच्याही हातात असते. डोलायचे की नाही, हे समोरच्याने ठरवायचे. तेव्हा फोन खाली ठेवण्याचे कारण नाही. स्वतःच्या उपयोगासाठी मुद्रण करायला त्याच कायद्याने मुभा ठेवली आहे. पण ते मुद्रण उद्या आपण गावभर वाटलेत, तर गारुड्याची आणि माझी परवानगी लागेल.

आजचा विषय हाच आहे. गाणे आणि सिनेमा यांची परस्पर होणारी नक्कल, आणि त्यांची रास्त किंमत. ह्या नकलेला इंग्रजांनी चाचेगिरी म्हटले. शब्द मोठा आहे. चाचा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर समुद्र, गलबत आणि नंगी तलवार येते. आपला चाचा मात्र पायजमा घालून पलंगावर लोळत असतो आणि पुष्कळ वेळा तो आपणच असतो.

आपल्याकडे चोरी म्हटली की पहिले नाव आठवते ते सालोमालोचे. तुकोबांचा अभंग घ्यायचा, शेवटचे 'तुका म्हणे' काढायचे आणि तिथे आपले नाव बसवायचे. प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकारामा'ने त्याला घराघरांत पोचवले. सालोमालोने चोरले ते नाव. आजचा नक्कल करणारा नाव चोरत नाही. उलट गायकाचे नाव ठळक लिहितो, कारण त्या नावावरच त्याचा माल खपतो. तो चोरतो तो मोबदला. तुकोबांचे मोबदल्यावाचून अडले नाही, त्यांनी तो मागितलाही नाही. म्हणून आपल्या मनात कुठेतरी अशी समजूत बसली आहे की, नाव राखले म्हणजे कलावंताचे सारे देणे फिटले. ही समजूत तुकोबांना शोभते. आपल्याला शोभते की नाही, हा प्रश्न आहे.

दुसऱ्यावर आरोप करण्याआधी स्वतःचा कबुलीजबाब देतो. मी कॉलेजात होतो तेव्हा आमच्या गावात बसस्थानकासमोर एक कॅसेटचे दुकान होते. दुकानदाराकडे ध्वनिमुद्रिकांचा आणि कॅसेटींचा संग्रह भरपूर होता. आपण वहीच्या पानावर आवडत्या गाण्यांची यादी करून द्यायची, कोरी कॅसेट द्यायची. आठ दिवसांनी तो साठ किंवा नव्वद मिनिटांची भरलेली कॅसेट हातात ठेवी. यादी करताना आम्ही रात्र रात्र जागलो आहोत. बाजू संपताना गाणे अर्धे तुटू नये म्हणून मिनिटांचे गणित मांडले आहे. आपण काही गैर करतो आहोत, हे एकदाही मनात आले नाही. यादीतल्या गायकांवर आमचा जीव होता. त्यांचे नुकसान आम्ही कसे करू?

पुढे कॅसेट गेली, चकत्या आल्या, चकत्या गेल्या आणि मोबाइलच्या दुकानात नखाएवढ्या कार्डावर शेकडो गाणी भरून मिळू लागली. खेड्यापाड्यांतून शेतावर काम करणारी मुले बाजाराच्या दिवशी येत, वीस-तीस रुपये देत आणि खिशात अख्खे संगीतभांडार घालून परत जात. लोक म्हणत, काय दिवस आले, गाणी फुकट झाली!

पण ती फुकट होती काय? मी माझ्या कॅसेटवाल्याला पैसे मोजले होते. कोरी कॅसेट बनवणाऱ्याला मोजले होते. त्या मुलांनी मोबाइलवाल्याला मोजले, कार्डाच्या कारखानदाराला मोजले. आज आपण म्हणतो की अमुक सिनेमा मी फुकट उतरवून घेतला; तो उतरवण्यासाठी जो डेटा लागला त्याचे पैसे टेलिफोन कंपनीला दिलेले असतात आणि ज्या ठिकाणाहून उतरवला तिथे जुगाराच्या जाहिराती पाहून त्या चालकाचाही खिसा आपणच भरलेला असतो. म्हणजे ह्या साऱ्या व्यवहारात पैसे द्यायला आपण कधीच नाही म्हटलेले नाही. सर्वांना दिले. एकट्या गाणाऱ्याला, गीत लिहिणाऱ्याला, चाल लावणाऱ्याला तेवढे दिले नाहीत, कारण दारात उभा राहून मागणाऱ्यांत तो नव्हता.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान म्हणजे सिनेमाच्या आधी दाखवतात तसली इशाऱ्याची पाटी होईल. ग्राहक मुळात बेइमान असतो, हे मला मान्य नाही. महाग किंवा दुर्मिळ झालेल्या मालाची चोरटी वाट आपोआप तयार होते. मेकॉले हे नाव आपण १८३५ सालच्या शिक्षणविषयक टिपणामुळे ओळखतो आणि बहुधा रागानेच घेतो. त्याच मेकॉलेने १८४१ साली पार्लमेंटमध्ये कॉपीराइटवर एक भाषण केले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहावा, असे विधेयक आले होते. लेखकाला पैसे मिळावेत हे त्याला मान्यच होते. पण तो म्हणाला की, हक्क अवाजवी ताणलात, तर चोरून छापणारा लोकांच्या डोळ्यांत सभ्य ठरेल, आणि एकदा वाईट कायदा मोडायची सवय लागली की चांगलाही मोडला जाईल. विधेयक तेव्हा पडले. गंमत अशी की, मेकॉलेने हाणून पाडलेली ती साठ वर्षे आज आपल्या कायद्यात आहेत. आधी पन्नास होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपत होता, म्हणून १९९२ साली मुदत दहा वर्षांनी वाढवली. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांची पुस्तके २०११ सालापासून कोणालाही छापता येऊ लागली.

मेकॉलेचे म्हणणे किती खरे होते, ते अमेरिकेत दिसले. १९९९ साली नॅपस्टर निघाले आणि जगभरची पोरे एकमेकांच्या संगणकातून गाणी उचलू लागली. कंपन्या कोर्टात गेल्या, २००१ साली ते बंद पाडले. नक्कल थांबली का? एका नॅपस्टरच्या जागी दहा उगवले. मग २००३ च्या एप्रिलात अ‍ॅपलने नव्व्याण्णव सेंटांना एकेक गाणे विकायला काढले, आणि पहिल्या आठवड्यातच दहा लाख गाणी विकली गेली. फुकट मिळत असतानाही लोकांनी पैसे मोजले; कारण किंमत परवडणारी होती आणि हवे ते एक गाणे सुटे मिळत होते. आपल्याकडेही स्पॉटिफाय २०१९ साली आले तेव्हा अमेरिकेत महिना दहा डॉलर असलेली वर्गणी इथे ११९ रुपये ठेवली गेली. दहा डॉलर म्हणजे तेव्हाचे सातशे रुपये. ऐकणाऱ्याच्या खिशाप्रमाणे किंमत, हा व्यवहार मला शहाणपणाचा वाटतो.

सिनेमाचे मात्र तसे झालेले नाही. मराठी सिनेमा पुण्या-मुंबईत लागतो, तिथेही दुपारच्या अडनिड्या वेळी, आणि शुक्रवारी आलेला पुढच्या शुक्रवारी गेलेला असतो. तालुक्याच्या गावी तो पोचतच नाही. तिथल्या माणसाने पाहायचा कुठे? त्याला चोर म्हणण्याआधी त्याच्या गावात तिकीटविक्री कुठे होती, एवढे तरी विचारावे. २०२३ साली सिनेमाचा कायदा कडक झाला; चित्रपटगृहात बसून चोरून मुद्रण करणाऱ्याला किमान तीन महिने कैद आणि तीन लाख दंड, वर तीन वर्षे आणि निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड. कायदा हवाच. परंतु २०१६ साली 'उडता पंजाब'ची प्रत प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी सगळीकडे फिरली, ती काही पिटातल्या प्रेक्षकाच्या खिशातून आलेली नव्हती. तिच्यावर सेन्सॉरसाठी असल्याचा शिक्का होता.

आतापर्यंत मी चोरट्या व्यापाराविषयी बोललो. आता उजळ माथ्याच्या व्यापाराकडे वळतो, कारण माझे खरे दुखणे तिथे आहे. चोराने कलावंताला वगळले, हे खरे. सावकाराने तरी कुठे धरले होते? १९६० च्या दशकात लताबाईंनी निर्मात्यांकडे गाण्याच्या रॉयल्टीत वाटा मागितला. रफीसाहेबांचे मत निराळे होते. गाणे गायले, ठरलेले पैसे घेतले, व्यवहार संपला, असे ते मानीत. त्यावरून दोघांत अंतर पडले आणि काही वर्षे ही दोघे एकत्र गायली नाहीत. आपल्याला ह्या भांडणाची चवदार गोष्ट ठाऊक असते. भांडण कशासाठी होते, ते आपण विसरतो. पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, पैसे घेऊन सिनेमासाठी गीत लिहिले वा चाल दिली, तर निराळा करार नसल्यास हक्काचा पहिला मालक निर्माता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला एक टिपण जोडले आणि ह्या सगळ्यात गाणाऱ्याला कायद्यात जागाच नाही, याकडे बोट दाखवले. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कोणालाही लिहून घेता येणार नाही, अशी दुरुस्ती व्हायला २०१२ साल उजाडावे लागले. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत झगडले. लताबाईंच्या मागणीपासून मोजा, पन्नास वर्षे!

आणि आता नवा मालक आला आहे, तो म्हणजे मोजणीचे यंत्र. त्याचे गणित जरा सोपे करून सांगतो. आपण वर्गणी भरतो, तेव्हा आपले पैसे आपण ऐकलेल्या गायकाला जातात, असा आपला भाबडा समज असतो. तसे होत नाही. सगळ्यांच्या वर्गण्या एका हंड्यात पडतात, कंपनी आपला भाग काढते आणि उरलेले एकूण ऐकण्यांच्या प्रमाणात हक्कदारांना वाटले जाते. समजा, वर्गणीदार दोघेच आहेत. मी रोज रात्री एका गायिकेचा एक ख्याल ऐकतो. महिन्याची तीस ऐकणी. शेजारचा तरुण दिवसभर कानात बोंडे घालून शंभर गाणी लावतो. महिन्याची तीन हजार. दोघांचे मिळून २३८ रुपये. कंपनीचा भाग बाजूला ठेवला, तरी माझ्या गायिकेच्या वाट्याला अडीच रुपयेसुद्धा येत नाहीत. माझ्या एकशे एकोणीसपैकी एकशे सोळा-सतरा रुपये मी न ऐकलेल्या गाण्यांना गेले.

बरे, ऐकणे म्हणजे काय? स्पॉटिफायच्या हिशेबी तीस सेकंद वाजले की एक ऐकणे. मग ते तीन मिनिटांचे नाचाचे गाणे असो की चाळीस मिनिटांचा ख्याल असो. दोघांची किंमत एकच! आलापीत पहिला षड्ज लागेपर्यंत तिकडे मोजणी आटोपलेली असते. आणखी ऐका. २०२४ पासून वर्षात हजारांहून कमी वेळा ऐकल्या गेलेल्या मुद्रणाला तिथे त्यापोटी काहीच मिळत नाही. एखादा शाहीर, एखादी कीर्तनकार बाई, एखादा तरुण धृपद गायक. ह्यांची नावे त्या यादीत असतात आणि हिशेबात नसतात.

यंत्राने गाण्याला कात्री लावल्याचे हे काही नवे उदाहरण नव्हे. १९०२ साली गाइसबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहरजानच्या ध्वनिमुद्रिका झाल्या, तेव्हा बैठकीतला तासाचा विस्तार तिला तीन मिनिटांत बसवावा लागला. गाणे संपताच ती आपले नाव मोठ्याने सांगे, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या आणि तिथल्या कारागिराला लेबलावर कोणाचे नाव घालायचे ते कळावे लागे. मला हे नेहमी 'तुका म्हणे'सारखे वाटते. पण तिला किमान पेटीसमोर बसण्याआधी सौदा करता येत होता. आजच्या मुलीने सौदा कोणाशी करायचा?

म्हणून रास्त किंमत किती, असे कोणी विचारले, तर मला रुपये सांगता येत नाहीत. मी एवढेच विचारतो की, ह्यातले करणाऱ्याच्या हातात किती पडते? चोरट्या प्रतीत शून्य पडते. हंड्यात थेंब पडतो. तिकिटात, मैफलीत, थेट विकत घेतलेल्या मुद्रणात जास्त पडते. हिंदी सिनेमाची चोरी झाली तर एखादा हप्ता बुडत असेल. मराठी निर्मात्याचे बहुधा घर गहाण असते. त्याच्या बाबतीत माझे मन कठोर आहे. ज्या गावी चित्रपटगृह आहे आणि चित्रपट लागला आहे, तिथे फोनवर आलेली प्रत पाहणाऱ्याला माझ्याकडे सवलत नाही.

मागच्या हिवाळ्यात एका मैफलीला गेलो होतो. नाव सांगत नाही. बाई चांगल्या गातात आणि फारशा कोणाला माहीत नाहीत. सभागृहात तीन-चारशे माणसे असतील. मध्यंतरात त्यांचे यजमान दाराशी टेबल मांडून बसले. पेन ड्राइव्हवर सव्वा तासाचे ध्वनिमुद्रण, किंमत पाचशे रुपये. पलीकडे बटाटेवड्याला रांग होती. एक गृहस्थ टेबलापाशी थांबले, पेन ड्राइव्ह उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हे यूट्यूबवर असेलच ना?" जाताना मी यजमानांना विचारले, किती गेले? ते म्हणाले, "तुमचा धरून अकरा."

घरी येऊन ऐकले. बागेश्री फार सुरेख आहे. माझा पुतण्याही ऐकत बसला होता. त्याला गाण्याचा कान आहे. संपल्यावर म्हणाला, "काका, मला कॉपी करून द्या ना." बसस्थानकासमोरच्या त्या दुकानात वहीचे पान घेऊन मी उभा असे, तेव्हा मी त्याच्याच वयाचा होतो. मी त्याला पाकिटावरचा बाईंचा फोन नंबर उतरवून दिला. परवा पुन्हा विचारले, केलास का फोन? म्हणाला, "बघतो."