गेमचं मशीन विकत घ्यायचं की भाड्यानं खेळायचं?

आम्ही विश्रामबागच्या डबेवाल्या बोलतोय. विलिंग्डन कॉलेज आणि वालचंद इंजिनीअरिंग कॉलेज दोन्ही आमच्याच भागात. त्यामुळं जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तिकडं साताऱ्याच्या माण-खटावपासूनची पोरं-पोरी इथं खोल्या घेऊन नाहीतर कॉट बेसिसवर राहतात, आणि आमच्या बचत गटातल्या बायका त्यांना दोन वेळचा डबा देतात. डब्याबरोबर त्यांच्या आयांचे फोनही आमच्याकडंच येतात. जेवतोय का, ताप उतरला का, परीक्षा कधी संपतेय. आणि हल्ली एक नवीन प्रश्न येतो. "ताई, पोरगं सत्तर-ऐंशी हजाराचा कॉम्प्युटर मागतंय. अभ्यासाला लागतो म्हणतंय. खरंच लागतो का हो?"

एका आईनं तर बोरमाळ मोडू का म्हणून विचारलं. तेव्हा आम्ही ठरवलं, की हा विषय नीट समजून घ्यायचा. डब्याला येणाऱ्या पोरांनाच समोर बसवलं, दाखवायला लावलं, हिशोब मांडला. तोच आज तुम्हाला सांगतोय.

आधी अभ्यासाचं. कोडिंग शिकायला, प्रोजेक्ट लिहायला, ऑनलाइन लेक्चर बघायला साधा लॅपटॉप पुरतो. सत्तर हजाराच्या मशीनमध्ये जो महागडा भाग असतो, त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. मोठ्या गेममधली पळती चित्रं भराभर तयार करणं हे त्याचं काम. मेकॅनिकल, सिव्हिलच्या काही कामांना, व्हिडिओ एडिटिंगला, ॲनिमेशनला ते कार्ड खरंच उपयोगी पडतं, हेही खरं. म्हणून पोराला रागवायच्या आधी एवढंच विचारायचं: बाबा, कुठल्या विषयाला, कुठलं सॉफ्टवेअर, आणि ते कॉलेजच्या लॅबमध्ये आहे का? उत्तर देताना पोरगं अडखळलं, तर मागणी गेमसाठी आहे असं समजायला हरकत नाही.

आणि गेमसाठी असली तरी तो काही गुन्हा नाही. दिवसभर अभ्यास करून पोरानं तासभर खेळलं तर काय बिघडलं? आपणही मालिका बघतोच की. प्रश्न खेळाचा नाही, त्यासाठी घरावर किती कर्ज चढवायचं याचा आहे.

आता पोरांनी जे दाखवलं ते ऐका. त्यांच्यातल्या एकाकडं जुना, हळू चालणारा लॅपटॉप. त्यावर एरवी मोठी गेम सुरूसुद्धा होणार नाही. पण त्यानं एक साइट उघडली, आणि त्याच लॅपटॉपवर गाड्यांच्या शर्यतीची मोठी गेम पळायला लागली. याला क्लाउड गेमिंग म्हणतात. क्लाउड म्हणजे ढग, पण ढगात काही नसतं. मुंबई, नवी मुंबईसारख्या ठिकाणी मोठमोठ्या इमारती आहेत, त्यांत ओळीनं ताकदवान कॉम्प्युटर लावलेले असतात, त्यांना डेटा सेंटर म्हणतात. गेम चालते अशा दूरच्या कॉम्प्युटरवर. आपल्या लॅपटॉपवर नुसतं तिचं चित्र दिसतं.

आपल्या गिरणीसारखंच बघा. घरात जातं नाही, चक्की नाही, तरी आपण भाकरी खातोच. दळण डब्यात घालून गिरणीत न्यायचं, पीठ घेऊन यायचं. इथं पोरगं बटण दाबतं, तो दाब तारेतून तिकडं जातो, तिकडचा कॉम्प्युटर नवीन चित्र बनवतो आणि परत धाडतो. फरक एवढाच की हे जाणं-येणं सेकंदाला साठ वेळा चालू असतं. एका चित्राच्या वाट्याला सेकंदाचा साठावा भाग.

मग आमच्यातल्या एकीनं विचारलं, "मोबाइलवर सिनेमा बघतो तसंच की हे, मग एवढं काय?" तसंच नाही. सिनेमा बघताना फोन पुढचा थोडा भाग आधीच आणून ठेवतो. मध्ये नेट दोन सेकंद गेलं तरी आपल्याला कळत नाही. खेळात पुढचं चित्र आधी आणता येत नाही, कारण पोरगं डावीकडं वळणार की उजवीकडं, हे अजून त्यालाच ठाऊक नसतं. म्हणून नेट अडखळलं की खेळ तिथंच अडखळतो. बटण आत्ता दाबलं आणि गाडी मागाहून वळली, तर भिंतीवर आपटणारच. नेटचा वेग नुसता जास्त असून भागत नाही, तो सारखा एकसारखा लागतो.

आणखी एक गैरसमज काढून टाकू. पोरं फोनवर ज्या गोळीबाराच्या गेम खेळतात, त्या बहुतेक फोनमध्येच चालतात, त्या क्लाउड नव्हेत. आणि पैसे लावून खेळायची रमी वगैरे हा तर वेगळाच विषय. तसले पैशाचे ऑनलाइन खेळ संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्यानं बंद केलेत. कुणी त्याची लिंक पाठवली तर उघडायची नाही, एवढंच.

आता पैशाचा हिशोब. समजा सत्तर हजाराचं मशीन गटाच्या कर्जातून घेतलं, शेकडा दोन रुपये व्याजानं, चोवीस महिन्यांसाठी. मुद्दल सारख्या हप्त्यांत आणि व्याज उरलेल्या रकमेवर, आपल्या गटात असतं तसं. पहिल्या महिन्याचं नुसतं व्याज १४०० रुपये. दोन वर्षांत व्याजाचे १७,५०० जातात. म्हणजे सत्तर हजाराचं मशीन साडेसत्त्याऐंशी हजाराला पडलं. टीव्हीला जोडायची खेळाची पेटी घ्यावी म्हटलं, तर सोनी कंपनीची प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ मध्ये आली तेव्हाच ती ४९,९९० रुपयांना होती, आणि वर एकेक नवीन मोठी गेम चार-पाच हजाराला. विजेचंही धरा. गेमचा मोठा कॉम्प्युटर खेळताना चारशे वॅट ओढतो असं समजलं, तर रोज दोन तासांनी महिन्याला चोवीस युनिट होतात. पन्नास वॅटच्या साध्या लॅपटॉपला तीन.

भाड्याच्या खेळाला महिन्याला काही शे रुपये पडतात. आपल्याकडं जिओची सेवा आहे, मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स क्लाउड सेवा नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात आली. दर बदलत असतात, म्हणून आकडा सांगत नाही. ज्या दिवशी घ्याल त्या दिवशीचा बघा. काही ठिकाणी भाड्यातच गेम मिळतात, काही ठिकाणी नुसतं मशीन भाड्यानं आणि गेम वेगळी विकत घ्यावी लागते. हे आधी विचारून घ्यायचं. मंडपवाला भांडी देतो, आचारी देत नाही, तसं ते.

आणि भाड्यानं आणणं आपल्याला काही नवीन नाही. आमच्या वयाच्या बायकांना आठवत असेल, गणपतीत नाहीतर बारशाला रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचे, आणि गल्ली मिळून रात्रभर तीन-तीन पिक्चर बघायची. व्हीसीआर विकत घ्यायला कुणी जमीन गहाण टाकली नाही.

पण आता दुसरी बाजू, आणि गावाकडच्या मैत्रिणींनी इथं जरा जास्त लक्ष द्या. भाड्याच्या खेळाची सगळी मदार नेटवर. साध्या चित्रासाठीही सेकंदाला दहा मेगाबिटचा वेग लागतो असं धरा. त्या हिशोबानं एका तासात साडेचार जीबी डेटा जातो. तुमच्या फोनला रोज दोन जीबी मिळत असतील, तर ते अर्ध्या तासाच्या आतच संपले. मग घरातल्या कुणालाच पिकाचा भाव बघता येणार नाही, की ऑनलाइन फॉर्म भरता येणार नाही. म्हणून ज्या गावात नुसता टॉवरचा भरवसा आहे, तिथं याच्या नादाला लागू नका. घरात तारेचं, फायबरचं कनेक्शन असेल आणि ते संध्याकाळीसुद्धा नीट चालत असेल, तरच विचार करायचा.

इथं विश्रामबागेत तार आहे, तरी सगळं सुरळीत होतं असं नाही. आम्ही सकाळी बघितलं तेव्हा शर्यत झकास चालली होती. रात्री नऊला जेवणं उरकल्यावर त्याच खोलीवर गेलो, तर एका वायफायवर दहा पोरं. कुणी व्हिडिओ कॉलवर, कुणी मॅच बघतंय. गाडीचे चौकोन-चौकोन झाले आणि पोरगं डोकं धरून बसलं. मग दुसऱ्यानं वायफाय सोडून राउटरपासून लॅपटॉपपर्यंत सरळ वायर लावली, तेव्हा बरंच सुधारलं. घरमालकिणीला वायर दारातून नेलेली आवडली नाही, ते वेगळं.

म्हणून आमचं सांगणं असं, की वर्षाचे पैसे एकदम भरायचे नाहीत. आधी फुकट किंवा सगळ्यात लहान मुदतीचा पास घ्यायचा आणि पोरगं ज्या वेळेला खेळणार त्याच वेळेला, त्याच खोलीत चालवून बघायचं. दुपारी दुकानात चाललं म्हणून रात्री खोलीत चालेल असं नाही.

दुसरी गोष्ट मालकीची. भाडं भरलं तोवर खेळ, थांबलं की हातात काही नाही. मशीन निदान निम्म्या किमतीला विकता तरी येतं. आणि भाड्याचं दुकान चालवणारा उद्या दुकानच बंद करू शकतो. गूगलएवढ्या कंपनीनं नोव्हेंबर २०१९ मध्ये स्टेडिया नावाची अशीच सेवा परदेशात सुरू केली होती. १८ जानेवारी २०२३ ला ती बंद केली. आपल्या देशात ती आलीच नव्हती. ज्यांनी तिथं गेम विकत घेतल्या होत्या त्यांना गूगलनं पैसे परत दिले, हे चांगलं केलं. पण प्रत्येक कंपनी देईल याचा काय नेम? म्हणून भाड्याच्या ठिकाणी महागड्या गेम विकत घेऊन साठवायच्या भानगडीत पडू नये असं आम्हाला वाटतं. महिन्याचं भाडं भरा, खेळा, सोडा.

बोरमाळवाल्या ताईंचं काय झालं, ते सांगतो. त्यांचा मुलगा कॉम्प्युटर शाखेचा. त्याला लॅपटॉप खरंच हवा होता, गेमचं मशीन मात्र हौसेचं होतं. ताईंनी आपल्या गटातून तीस हजाराचं कर्ज घेतलं, पंधरा महिन्यांसाठी. त्याचं सगळं मिळून व्याज ४८०० होतं. साधा लॅपटॉप आला. गेमचं महिन्याचं भाडं मुलानं स्वतःच्या पैशातून भरायचं ठरलं. तो शनिवार-रविवारी एका झेरॉक्सच्या दुकानात बसतो. परीक्षेच्या महिन्यात त्यानं पास घेतलाच नाही, आणि ही भाड्यातली खरी सोय. मशीन घरात असतं तर हप्ता परीक्षेतही भरावाच लागला असता. मुलगा अजून कधीकधी कुरकुरतो, मित्रांकडं मोठी मशीन आहेत म्हणून. कुरकुरू दे. बोरमाळ गळ्यात आहे.

एका मुलीला मात्र आम्ही उलटं सांगितलं. ती लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते, सुट्टीत तिला त्याची कामं मिळतात. तिला ग्राफिक्स कार्डाचं मशीन हवं होतं. गेम चालवणाऱ्या या सेवा गेमच चालवतात, त्यावर एडिटिंगचं काम होत नाही. तिच्याकडं मागच्या कामांच्या पावत्या होत्या, त्या बघितल्या आणि आमच्याच गटानं तिच्या आईला कर्ज दिलं. शिलाई मशीनला देतो तसंच ते. कमावणारं मशीन असेल तर कर्जाला हात आखडायचा नाही. दोन महिने हप्ता वेळेवर आलाय, तिसऱ्याची तारीख पुढच्या आठवड्यात आहे.

शेवटी एक काम, जे आज संध्याकाळीच करायचं आहे. या पासचे पैसे बऱ्याचदा दर महिन्याला आपोआप कापले जातात. पहिल्यांदा पैसे भरताना पोरगं तुमच्या फोनवरून परवानगी देऊन टाकतं, आणि मग खेळ बंद केला तरी खात्यातून रक्कम जात राहते. तुमच्या फोनमध्ये ज्या ॲपवरून पैसे पाठवता, त्यात ऑटोपे नावाचा भाग असतो. तो उघडा, कुणाकुणाला अशी परवानगी दिलेली आहे ते वाचा. ओळखीचं नसेल ते रद्द करा. वाचता येत नसेल तर मुलीला शेजारी बसवून वाचून घ्या. पण पिन तिला सांगू नका, तो तुम्हीच टाका. आमच्या गटात सगळ्यांनी एका बैठकीत हे केलं तेव्हा तिघींच्या फोनवर जुनी परवानगी निघाली. एकीची गाण्यांच्या ॲपची होती, आणि ती गाणी घरात कुणीच ऐकत नव्हतं.

डबे भरायची वेळ झाली. नमस्कार.